एटीएमच्या पोटातल्या सुट्या पेट्या

बाहेरून एकसंध दिसणारं एटीएम आतून सुट्या भागांचं कपाट असतं. नोटांच्या बहुधा चार कॅसेट, त्यांतून एकेक नोट उचलणारा संच, दोन नोटा चिकटून आल्या तर ओळखणारा सेन्सर आणि अशा नोटा टाकायची रिजेक्ट पेटी. अनेक यंत्रांत हा संच रुळांवरून पुढे ओढता येतो. झिजतं मुख्यतः रबर: नोट ओढणारे रोलर किंवा हवेच्या ओढीनं ती उचलणाऱ्या वाट्या. हे भाग चटकन निघतील असे बसवलेले हवेत; एका रोलरसाठी अर्धं यंत्र उघडावं लागत असेल, तर चूक आराखड्याची.

या रचनेची खरी परीक्षा झाली नोव्हेंबर २०१६ मध्ये, नोटाबंदीनंतर नव्या नोटा आल्या तेव्हा. जुनी पाचशेची नोट ७३ × १६७ मिलिमीटर, नवी ६६ × १५०. दोन हजारांची ६६ × १६६. फरक मिलिमीटरांचा, पण देशभरातल्या सुमारे दोन लाख यंत्रांपाशी माणूस पाठवून कॅसेट नव्या मापाच्या कराव्या लागल्या, सॉफ्टवेअरही बदलावं लागलं. बाहेरच्या रांगा सगळ्यांना आठवतात. आत गुडघे टेकून बसलेला तंत्रज्ञ कुणाला दिसला नाही.

एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना कुलूपबंद कॅसेट अदलाबदलीची पद्धत अवलंबायला सांगितलं. म्हणजे एटीएमपाशी नोटा मोजत बसायचं नाही. रिकामी कॅसेट काढायची, भरलेली सरकवायची. हेतू सुरक्षेचा होता, पण सुटी पेटी मुळात होती म्हणूनच ते शक्य झालं.