डिमेन्शियाची नवी औषधे आणि आपल्या घरातला उशीर

आमच्या खाला कामोठ्यात आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतात. ३० वर्षे त्यांनी मोहल्ल्यातल्या मुलांना कुरआन शिकवले. मग नमाजमध्ये किती रकात झाल्या ते विसरू लागल्या, गॅस चालू ठेवून झोपू लागल्या, एकच प्रश्न पाच वेळा विचारू लागल्या. घरात सगळे म्हणाले, "उम्र झाली, चालायचंच." कोणी म्हणाले, असर झाला असेल, दम करून घ्या. आम्ही शिकलेले शिक्षक, पण आम्हीही तेच मानले. डॉक्टरांकडे गेलो तोवर २ वर्षे गेली होती. नव्या औषधांबद्दल विचारले तर उत्तर मिळाले, "आता त्यांची वेळ निघून गेली." दुसऱ्या घरात असे होऊ नये म्हणून हे लिहीत आहोत.

भारतात ६० वर्षांवरील सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. त्याचे सर्वांत मोठे कारण अल्झायमर. या आजारात मेंदूत ॲमिलॉइड नावाचे प्रथिन साचत जाते आणि पेशी मरत जातात. डोनेपेझिल, मेमँटिन या जुन्या गोळ्या काही काळ लक्षणे सांभाळतात, आजार मात्र आत वाढतच राहतो.

नवी औषधे हे साचलेले ॲमिलॉइडच साफ करतात. लेकानेमॅबला अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये पूर्ण मंजुरी मिळाली, डोनानेमॅबला जुलै २०२४ मध्ये. २०२५ मध्ये भारतातही डोनानेमॅबला परवानगी मिळाली. दोन्ही सलाइनसारखी शिरेतून देतात. पहिले दर २ आठवड्यांनी, दुसरे दर ४ आठवड्यांनी.

पण आशा किती धरायची, तेही समजून घ्या. लेकानेमॅबच्या चाचणीत १,७९५ रुग्ण होते. १८ महिन्यांत औषध घेणाऱ्यांची घसरण २७ टक्के कमी झाली. म्हणजे आजार मंदावतो, बरा होत नाही, आणि गेलेली आठवण परत येत नाही. मेंदूला सूज किंवा बारीक रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून पुन्हा पुन्हा एमआरआय करावा लागतो. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर धोका वाढतो. खर्चही मोठा, अमेरिकेत लेकानेमॅबची वर्षाची किंमत २६,५०० डॉलर ठेवली गेली.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ही औषधे फक्त अल्झायमरच्या सुरुवातीच्या टप्प्यात देतात. बीपी-शुगरमुळे किंवा लकव्यानंतर आलेल्या डिमेन्शियासाठी ती नाहीत. निदानही सोपे होत आहे. मे २०२५ मध्ये अमेरिकेत अल्झायमरच्या निदानाला मदत करणाऱ्या पहिल्या रक्त तपासणीला मंजुरी मिळाली.

लवकर जाण्याचा आणखी एक फायदा आहे. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, डिप्रेशन, पडल्यावर डोक्यात साचलेले रक्त, यांमुळेही माणूस विसरू लागतो. यांवर इलाज आहे, आणि तो आपल्या आवाक्यातला आहे.

मग काय करायचे? पैशांचे व्यवहार चुकणे, ओळखीचा रस्ता विसरणे, स्वभाव बदलणे असे काही महिने दिसले तर तारखांसह वहीत लिहा आणि न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. कामोठ्यातच एमजीएम मेडिकल कॉलेजचे रुग्णालय आहे. सरकारी हवे असेल तर मानसरोवरहून हार्बर लोकलने सँडहर्स्ट रोडला उतरून जे. जे. रुग्णालय गाठता येते. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

तरुणांनीही ऐकावे. लॅन्सेट आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार बीपी, शुगर, तंबाखू, कमी ऐकू येणे, एकटेपणा अशी १४ कारणे आवरली तर सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येईल. अब्बांचे कानाचे मशीन किंवा अम्मींची बीपीची गोळी "नंतर बघू" म्हणून ठेवू नका.

दम-दुआ जरूर करा, पण डॉक्टरांची अपॉइंटमेंटही त्याच दिवशी घ्या. खालांना आज आमचे नाव आठवत नाही. पण शेजारी बसून आम्ही एखादी सूरह सुरू केली की पुढची त्या स्वतः पूर्ण करतात. रोज मगरिबनंतर आम्ही बसतो. अल्लाह सगळ्या बुजुर्गांना शिफा देवो आणि आपल्याला वेळेवर जागे होण्याची तौफीक देवो. आमीन.