कापडावर रंग पक्का का बसतो?

जेवताना सदऱ्यावर आमटीचा थेंब सांडला, की पिवळा डाग पडतो. त्यावर साबण चोळला, की तो तांबडालाल होतो आणि पाण्याने खळबळून काढला, की पुन्हा पिवळा दिसू लागतो. धुऊन तो सहजासहजी जात नाही. पण तोच सदरा काही दिवस कडक उन्हात वाळू द्या. डाग फिका होत होत दिसेनासा होतो.

आता दुसरे उदाहरण पाहा. मोहेंजोदडो येथील उत्खननात चांदीच्या एका भांड्याला चिकटलेले सुती कापडाचे तुकडे सापडले. ते चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे होते. तपासणी केली तेव्हा मंजिष्ठेच्या जातीच्या वनस्पतीच्या मुळांतून काढलेला रंग त्यांवर आढळला. हळदीचा रंग उन्हात आठवडाभर टिकत नाही आणि या मुळांचा रंग हजारो वर्षांनी ओळखू येतो, असे का व्हावे?

‘मंजिष्ठेचा रंग मुळातच पक्का असेल’ असे तुम्ही म्हणाल. पण नुसत्या मंजिष्ठेच्या काढ्यात सुती फडके उकळून पाहा. ते कसेबसे गुलाबी होते आणि चार-दोन धुण्यांत त्यातला बराचसा रंग पाण्याबरोबर निघून जातो. म्हणजे पक्केपणाचे सारे रहस्य एकट्या रंगात नाही.

रंग काढ्यात उतरतो तो पाण्यात विरघळतो म्हणून. जे पाण्यात विरघळते, ते धुताना पाण्याबरोबर जाणारच. तेव्हा रंग टिकायचा असेल, तर त्याच्या रेणूने धाग्याला घट्ट धरले पाहिजे. येथे सगळे धागे सारखे नसतात. रेशीम हे प्रथिन आहे. त्याच्या रेणूवर निरनिराळ्या प्रकारचे रासायनिक गट असतात आणि ते रंगाला किंवा धातूच्या आयनाला सहज धरून ठेवतात. कापूस म्हणजे सेल्युलोज. त्याच्या रेणूवर बहुतेक सगळे हायड्रॉक्सिल गटच असतात आणि त्यांची पकड सैल असते. म्हणूनच रेशीम रंगवणे सोपे आणि सूत रंगवणे अवघड.

ही अडचण आपल्या रंगाऱ्यांनी तुरटीने सोडवली. तुरटीत ॲल्युमिनियम असते. त्याचा आयन एकाच वेळी अनेक बाजूंनी बंध जोडू शकतो. एका बाजूने तो धाग्याला धरतो आणि दुसऱ्या बाजूने रंगाच्या रेणूला. रंग आणि ॲल्युमिनियम मिळून जो संयुक्त पदार्थ होतो, तो पाण्यात विरघळत नाही. धाग्याच्या आतच तो तयार झाल्यामुळे धुण्याने बाहेर येत नाही. अशा पदार्थांना रंगबंधक म्हणतात.

पण कापूस तुरटीलाही नीट धरत नाही! त्यावर उपाय म्हणजे हिरडा. हिरड्यात टॅनीन भरपूर असते. टॅनीनच्या मोठ्या रेणूवर पुष्कळ हायड्रॉक्सिल गट असल्यामुळे ते सेल्युलोजला चिकटून बसते आणि ॲल्युमिनियमलाही धरते. अशी ही साखळी तयार होते: सूत, हिरडा, तुरटी, रंग. रेशमाला हिरड्याची गरज पडत नाही.

तुरटीऐवजी लोखंड वापरले तर? रंगाचा काढा तोच, पण तांबड्याऐवजी जांभळट किंवा काळपट छटा येते. आंध्र प्रदेशातील कलमकारी कापड याच गोष्टीचा उपयोग करून तयार होते. आधी कापड हिरडा आणि म्हशीचे दूध यांत भिजवून वाळवतात. गंजलेले लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवून केलेल्या द्रावणाने त्यावर रेघा काढतात. हिरड्यातील टॅनीनशी लोखंडाचा संयोग होऊन त्या काळ्या होतात. जेथे तांबडा रंग हवा, तेथे तुरटीचे पाणी लावतात. मग सगळे कापड तांबड्या रंगाच्या काढ्यात उकळतात. तुरटी लावलेला भाग लालभडक होतो, बाकीचा कापडाचा रंग पुढे धुऊन आणि उन्हात घालून काढता येतो.

आपल्याकडे वऱ्हाड-खानदेशात तांबड्या रंगासाठी आल या झाडाची मुळे वापरीत. पुढे १८६८ साली ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी युरोपातील मंजिष्ठेमधले ॲलिझरीन हे रंगद्रव्य प्रयोगशाळेत तयार केले. कारखान्यातला हा रंग स्वस्त पडू लागल्यावर मुळांची शेती बसली. गंमत अशी, की या कृत्रिम ॲलिझरीनलाही ॲल्युमिनियमचा आधार लागतोच. रंग बदलला, पण रंगाऱ्याची तुरटी सुटली नाही.

हे सारे तुम्हांला घरी पडताळून पाहता येईल. मंजिष्ठा, हिरडा आणि तुरटी काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात. जुन्या पांढऱ्या सुती कापडाचे सुमारे १० ग्रॅम वजनाचे चार तुकडे घ्या. कपडे धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात ते अर्धा तास उकळून स्वच्छ धुवा, म्हणजे खळ आणि मेण निघून जाईल. त्यांवर दोऱ्याने १ ते ४ टाके घालून खूण करा.

पहिला तुकडा तसाच ठेवा. तिसरा आणि चौथा प्रत्येकी २ ग्रॅम हिरड्याच्या पुडीच्या कोमट पाण्यात रात्रभर भिजवा. पिळून, न धुता वाळवा. मग दुसरा आणि तिसरा प्रत्येकी २ ग्रॅम तुरटीच्या गरम पाण्यात रात्रभर ठेवा. चौथा चिमूटभर हिराकसाच्या पाण्यात १५ मिनिटे बुडवा. तो डोळ्यांदेखत काळवंडेल. तिन्ही तुकडे साध्या पाण्यातून काढा. ५० ग्रॅम मंजिष्ठेची पूड रात्रभर भिजवून, तासभर तापवून गाळून घ्या. त्या काढ्यात आधी पहिले तीन तुकडे पाऊण तास मंद आंचेवर ठेवा. काढा खळखळू देऊ नका, नाहीतर रंग विटकरी होतो. चौथा तुकडा सगळ्यांत शेवटी टाका. त्यातले लोखंड काढ्यात उतरले, तर बाकीच्यांचे रंग बिघडतील. रेशमाची चिंधी मिळाली, तर ती नुसत्या तुरटीत भिजवून पहिल्या तिघांबरोबर सोडा. सोड्याच्या पाण्यात मात्र ती मुळीच उकळू नका.

हे काम मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली करा आणि स्वयंपाकाची भांडी त्यासाठी घेऊ नका. रंग झाडाचा, म्हणजे त्याला लागणारे सगळेच निरुपद्रवी, असे समजू नका. क्रोमियमचे क्षारही रंगबंधक म्हणून वापरले जातात, पण ते विषारी आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

तुकडे वाळल्यावर प्रत्येकाचे दोन भाग करा. एक भाग वहीत ठेवा आणि दुसरा तीन वेळा साबणाने धुऊन आठ दिवस उन्हात टांगा. शेजारी हळदीच्या पाण्यात बुडवलेली एक चिंधीही टांगा. आठव्या दिवशी वही उघडून जोड्या लावा. पाण्याने कोणाला हरवले आणि उन्हाने कोणाला, हे तुमचे तुम्हांलाच दिसेल.