आयपी६८ फोनवर लिंबू सरबत सांडलं तर?

दहिसरच्या पावसात माझा आयपी६८ फोन मी बिनधास्त बाहेर काढतो, पण लिंबू सरबताचा ग्लास मात्र त्याच्यापासून लांबच ठेवतो. का? कारण आयपी६८ ची चाचणी साध्या गोड्या पाण्यात होते.

आम्लता पीएचवर मोजतात. शुद्ध पाणी ७, दूध साधारण ६.७, कोला २.५ च्या आसपास, लिंबाचा रस २ च्या जवळपास. आकडा १ ने उतरला की आम्लता १० पट वाढते! आम्लाने धातूच्या पिना गंजतात, साखर चिकटून बसते. समुद्राचं पाणी साधारण ८.१, म्हणजे आम्ल नाही. तरी गोराई बीचवर जपाच, कारण मिठाच्या पाण्यातून वीज सहज वाहते आणि पोर्ट गंजतो.

यावर उपाय पुन्हा पाणीच. त्याच्या रेणूचं एक टोक किंचित धन, दुसरं ऋण असतं. म्हणून मीठ, साखर, आम्ल सगळं त्यात विरघळतं.

तर वॉटर-रेझिस्टंट फोन (फुटलेला नसेल तरच!) बंद करा, सांडलेली जागा नळाच्या हलक्या धारेखाली धुवा, पुसा. पूर्ण सुकेपर्यंत चार्जिंग नको. तांदळाच्या डब्यातही नको, कण पोर्टमध्ये अडकतात. साधा फोन असेल तर धुऊ नका; बंद करून थेट सर्व्हिस सेंटर गाठा.