गोटे आणि गाळ

आल्प्स पर्वतातील सरोवरे पाहून आलेले प्रवासी तेथील काठांचे वर्णन मोठ्या आवडीने करतात. नितळ पाणी, पायांखाली गुळगुळीत गोटे आणि सर्वत्र शांतता! घणसोली गावाच्या पश्चिमेस ठाण्याची खाडी आहे. निवांतपणा तिच्या काठीही लाभतो. परंतु ओहोटीच्या वेळी तेथे गोटे दृष्टीस पडत नाहीत. जिकडे पाहावे तिकडे काळाभोर चिखल. असे का व्हावे?

घणसोलीस गोटेच नाहीत, असे मात्र नाही. गावाच्या पूर्वेस गवळीदेवाचा डोंगर आहे. पावसाळ्यात तेथील ओढ्यांचे पाणी दगडांस गडगडत खाली आणते. दगड एकमेकांवर घासतात, त्यांचे कोपरे झिजतात आणि गोटे तयार होतात. (ज्याच्या नावाने आपण मठ्ठ माणसाची थट्टा करतो, तो नर्मदेतला गोटा बिचारा असाच घडलेला असतो!) पुढे उतार संपला, की पाण्याचे बळ ओसरते. जड गोटे प्रथम मागे राहतात, मग वाळू. खाडीपर्यंत पोहोचते ती मुख्यतः बारीक माती. आल्प्समधील पुष्कळ सरोवरांस डोंगर अगदी भिडलेला असतो. त्यामुळे तेथे गोटे थेट काठावर येतात आणि त्यांमधील माती लाटा धुऊन नेतात.

गोड्या पाण्यातील अतिशय बारीक माती लवकर तळाशी बसत नाही. खाडीत तिला समुद्राचे खारे पाणी भेटते. क्षारांमुळे मातीचे कण एकमेकांस चिकटतात, जड होतात आणि खाली बसतात. दोन पेल्यांत सारखेच गढूळ पाणी घ्यावे, एकात चमचाभर मीठ ढवळावे आणि दोन्ही पेले स्थिर ठेवावेत. मिठाचे पाणी बहुधा आधी निवळते. खाडीत दर दिवशी सुमारे दोन वेळा भरती येते आणि दर वेळी या गाळात थोडी भर पडते.

हा चिखल पाहून कित्येक जण नाक मुरडतात. वास येतो हे खरे. आतल्या थरांत हवा शिरत नाही, तेथे गंधकयुक्त वायू तयार होतो. पण चिखलाइतके जीवन गोट्यांच्या काठावर क्वचितच आढळते. येथे खेकडे बिळे करतात. निवटी नावाचा मासा ओहोटीच्या वेळी पाण्याबाहेर येऊन चिखलावर उड्या मारतो. तिवराच्या मुळांस चिखलात श्वास मिळेना, म्हणून ती पेन्सिलींसारखी वर डोके काढतात. गाळ धरून ठेवण्याचे कामही हीच मुळे करतात.

हिवाळ्याच्या सुमारास येथे रोहित पक्ष्यांचे हजारोंचे थवे उतरतात. मान वाकवून, चोच उलटी धरून ते पाणी व चिखल गाळतात आणि त्यांतील सूक्ष्म शेवाळ व जीव खातात. त्यांच्या पिसांचा गुलाबी रंग या खाण्यातूनच येतो. खाडीच्या काही भागास २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आले आणि २०२२ साली ते जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले.

मात्र काठावर कोणी राडारोडा टाकून भराव केला, तर भरतीचे पाणी आत येण्याची वाट बंद होते. मग पलीकडचे तिवर उभ्या उभ्या वाळतात. चिखल कडक होऊन भेगाळतो. निवटी व खेकडे तेथून नाहीसे होतात आणि रोहित पक्षी अशा जागी उतरत नाहीत.