गाळाने पुरलं, गाळानेच दाखवलं (लेखांक ६)

मागच्या लेखात आपण ऑस्टियाची धान्याची कोठारं पाहिली. पण या मालाची जहाजं लागत कुठे? रोमचं हे सर्वांत जुनं बंदर-शहर बऱ्यापैकी खणून झालंय. रस्ते, नाट्यगृह, स्नानगृहं, सगळं सापडलं. बंदराचा पत्ता मात्र लागत नव्हता. आजचा किनारा तिथून तीन-चार किलोमीटर लांब आहे. त्यात १५५७ च्या महापुरात टायबर नदीनेही पात्र बदललं. शहराला समुद्राने सोडलं आणि नदीनेही.

जुने ग्रंथकार तर गोंधळ वाढवतात. इसवी सनाच्या आरंभीचा ग्रीक भूगोलकार स्ट्राबो म्हणतो, टायबरच्या गाळामुळे ऑस्टियाला बंदरच नाही. मोठी जहाजं बाहेर नांगर टाकतात आणि छोट्या होड्या माल उतरवून नेतात. त्याच्याच काळातला इतिहासकार डायोनिसियस नदीच्या मुखाची तारीफ करतो, मालवाहू जहाजं सरळ आत येतात म्हणतो. आता खरं कोणाचं मानायचं?

शहराच्या वायव्येला, जुन्या नदीमुखाजवळ बंदर असावं, असा तर्क संशोधक पूर्वीपासून करत होते. खात्रीचा पुरावा नव्हता. जाँ-फिलिप ग्वारॉं यांच्या फ्रेंच-इटालियन चमूने दगड सोडून चिखल वाचायला घेतला. जमिनीत खोलवर पोकळ नळ्या उतरवायच्या आणि आतल्या मातीचा अखंड दंड बाहेर काढायचा. वाहत्या पाण्यात वाळू बसते. अडवलेल्या, संथ पाण्यात बारीक करडा गाळ साचतो. त्यातल्या सूक्ष्म कवचधारी जिवांवरून पाणी गोडं होतं की खारं ते कळतं आणि सेंद्रिय अवशेषांच्या कार्बनवरून काळ.

त्या संशयित जागी तळाशी शहर वसण्याआधीची वाळू निघाली, तिच्यावर बंदराचा करडा गाळ आणि सगळ्यात वर पुराने आणलेला थर. बंदर इ. स. पूर्व चौथ्या ते दुसऱ्या शतकातलं. सुरुवातीला पाण्याची खोली सुमारे साडेसहा मीटर, म्हणजे समुद्रावर जाणाऱ्या जहाजांना पुरेशी. पुढे ती एका मीटरच्याही खाली आली. थोडक्यात, स्ट्राबोने लिहिलं तेव्हा ते भरून गेलेलं होतं. माझं मत स्ट्राबोच्या बाजूने. डायोनिसियस बहुधा नदीकाठच्या धक्क्यांबद्दल बोलत असावा.

गाळाने बंदराची अशी गत आपल्याकडेही केली. ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत नाव असलेल्या सोपाऱ्याच्या खाडीतही असाच गाळ भरला.

रोमने गाळापुढे हात टेकले नाहीत. इ. स. ४२ मध्ये सम्राट क्लॉडियसने उत्तरेला सुमारे तीन किलोमीटरवर नवं बंदर बांधायला घेतलं. खर्च ऐकून तो नाद सोडेल, अशी त्याच्या बांधकामतज्ज्ञांची आशा होती. त्याने सोडला नाही. इ. स. ६२ च्या वादळात त्याच बंदराच्या आत दोनशेच्या आसपास जहाजं बुडाली, असं रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो. आज तेही जमिनीखाली आहे. शेजारी रोमचा फ्युमिचिनो विमानतळ उभारताना रोमन जहाजांचे सांगाडे सापडले. त्यांच्याविषयी पुढच्या आठवड्यात.