रेवसची खारजमीन : निर्णय योजनेचा की उधाणाचा?

मुंबई बंदराच्या दक्षिणेस, धरमतरची खाडी जेथे समुद्राला मिळते तेथे अलिबाग तालुक्याच्या उत्तर टोकावर रेवस वसले आहे. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने ये-जा करणाऱ्या मुंबईकरांना हे गाव प्रामुख्याने एक बंदर म्हणून ठाऊक आहे. या बंदरापासून खाडीच्या काठाने आत गेले, की माणकुळे, शहापूर, धेरंड अशा गावांचा सपाट पट्टा लागतो. स्थानिक भाषेत तो खारेपाट. येथील भातशेती भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहे. मोठ्या उधाणाला भरती आणि ओहोटी यांत चार मीटरहून अधिक अंतर पडते आणि खाडीचे खारे पाणी व शेत यांच्यामध्ये केवळ मातीचा एक बांध उभा असतो. हवामान बदलाच्या काळात या जमिनीचे काय करायचे, याचा निर्णय कोणत्याही योजनेने अद्याप घेतलेला नाही. तो निर्णय दर पावसाळ्यात, बांध जेथे फुटेल तेथे, उधाण घेत आहे.

बांध आणि उघाडी

खारजमीन ही निसर्गाने दिलेली जमीन नाही, ती माणसाने खाडीकडून मिळवलेली आहे. चिखलाचा बांध घालून भरतीचे पाणी अडवायचे आणि बांधात 'उघाडी' ठेवायची, ही तिची रीत. उघाडी म्हणजे एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपांचा मार्ग. भरतीचे पाणी चढले, की त्याच्याच दाबाने झडप मिटते. ओहोटी लागली, की शेतात साठलेले पावसाचे पाणी झडप ढकलून खाडीत उतरते. जून-जुलैच्या पावसाने जमिनीतील क्षार धुऊन निघतात आणि मग भाताची लावणी होते. उन्हाळ्यात क्षार पुन्हा वर येतात. या जमिनीत तग धरणारे काळा राता, भुरा राता यांसारखे भात शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासले. पुढे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या क्षार सहन करणाऱ्या जाती दिल्या. मात्र कोणतीही जात काही मर्यादेपर्यंतच क्षार सोसते. बांधाला खांड पडून उधाणाचे पाणी दिवसातून दोनदा शेतात येऊ लागले, तर बियाण्याचा उपयोग नाही.

बांध कोणाचा?

म्हणूनच खारेपाटाच्या इतिहासात जमिनीच्या मालकीइतकाच बांधाच्या देखभालीचा प्रश्न महत्त्वाचा राहिला आहे. एकोणिसाव्या शतकातील कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या जमिनींचा 'शिलोत्री' असा उल्लेख येतो. बाहेरचा बांध राखणारा शिलोत्रीदार त्या कामासाठी बिघ्यामागे मणभर भात वेगळे घेत असे. अनेक गावांत 'जोळ' नावाची सामुदायिक व्यवस्था होती. एका बांधाआड ज्यांची शेते, त्या सर्वांनी मिळून त्या बांधाची डागडुजी करावयाची. पुढे खोतीच्या जाचाविरुद्ध याच अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे शेतकऱ्यांनी जमिनी कसण्यास नकार दिला. कुळांच्या हक्कांना कायद्याचे अधिष्ठान मिळण्यात या संपाचा मोठा वाटा आहे.

कूळकायद्याने कसणारा जमिनीचा मालक झाला, पण शेकडो लहान मालकांच्या शेतांना राखणारा बांध कोणा एकाचा राहिला नाही. १९४८ मध्ये मुंबई राज्याने खारजमिनींसाठी कायदा केला. त्याच्या जागी महाराष्ट्राने १९७९ मध्ये खारभूमी विकास अधिनियम आणला. बांधाची जबाबदारी शासकीय यंत्रणेकडे गेली आणि गावाची जुनी सामुदायिक सवय हळूहळू मोडत गेली. आज बांध फुटल्यानंतर प्रस्ताव, अंदाजपत्रक, निविदा असा प्रवास सुरू होतो. तोपर्यंत पुढचे उधाण येऊन गेलेले असते. रोज एक टोपली माती टाकून जे काम भागले असते, त्याला वर्षभराने लाखो रुपये लागतात. खाडीतून जाणाऱ्या अवजड बार्जच्या लाटांनी बांध खचतात, अशीही काठावरच्या गावांची जुनी तक्रार आहे.

समुद्र काय बदलतो आहे?

या जुन्या दुखण्यात आता नवी भर पडली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. वाढीचा वेग २००६ ते २०१८ या काळात वर्षाला ३.७ मिलिमीटर होता. कर्बवायूंचे उत्सर्जन फारच वाढत राहिले, तर शतकाअखेर ही वाढ ६३ सेंटिमीटर ते एक मीटरच्या आसपास जाईल, असा त्या अहवालाचा अंदाज आहे.

वर्षाला तीन-चार मिलिमीटर ऐकताना क्षुल्लक वाटतात. बांधावरून पाणी उलटण्याआधीच या वाढीचा परिणाम उघाडीवर दिसतो. खाडीची पातळी शेताच्या खाली असते तेवढाच वेळ उघाडी वाहते. समुद्र जसा चढेल, तसा निचऱ्याचा हा वेळ प्रत्येक ओहोटीला कमी होत जाईल. त्यातच थोड्या तासांत कोसळणाऱ्या पावसाचे प्रमाण वाढले आहे. मुसळधार पाऊस आणि उधाण एकाच वेळी आले, तर बांध शाबूत असूनही भात पाण्याखाली कुजते. अरबी समुद्रात तीव्र चक्रीवादळे वाढल्याचे हवामानशास्त्रज्ञ सांगतात. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेल्या 'निसर्ग'ने त्याची जाणीव करून दिली. बांधाची उंची आणि उघाडीची रुंदी जुन्या समुद्राच्या मापाने ठरलेली आहे; यापुढे ती नव्या समुद्राच्या मापाने ठरवावी लागेल.

शेताचे कांदळवन होते तेव्हा

बांधाची खांड वेळेत बुजली नाही, तर भरतीबरोबर तिवरांची रोपे शेतात रुजतात आणि काही वर्षांत तेथे कांदळवन उभे राहते. कांदळवन हे किनाऱ्याचे संरक्षण आहे, माशांचे प्रजननस्थान आहे, कार्बनचा साठा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि पुढे १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने राज्यभर कांदळवनाच्या तोडीस बंदी घातली, ती योग्यच आहे. सार्वजनिक कामासाठीही ते तोडायचे झाल्यास न्यायालयाची परवानगी लागते. जमीन खासगी आहे म्हणून त्यातून सूट मिळत नाही.

परंतु या तरतुदीचा भार कोणावर पडतो, हे पाहिले पाहिजे. शेतकऱ्याने तिवरे लावलेली नसतात. बांध राखण्याची जबाबदारीही त्याच्याकडे उरलेली नसते. तरी जमीन जाते त्याची. सातबारावर नाव त्याचेच राहते. मात्र पीक नसल्याने पीकविमा नाही, जमीन रीतसर संपादित झालेली नसल्याने मोबदला नाही आणि तिवरे वाढल्याने ती पुन्हा लागवडीखाली आणण्याचा मार्गही नाही. समुद्राची धूप ही केंद्राच्या अधिसूचित नैसर्गिक आपत्तींच्या यादीत नाही, त्यामुळे आपत्तीच्या निधीचा आधारही सहजासहजी मिळत नाही.

दुसरीकडे खरेदीदार दाराशी उभा आहे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाल्यापासून अलिबाग मुंबईच्या आणखी जवळ आले. रेवस हे रेवस-रेडी सागरी मार्गाचे उत्तर टोक आहे. पिकत नाही, बुजवताही येत नाही अशी जमीन बाळगणाऱ्या शेतकऱ्याला मिळेल त्या भावाने विकणे हाच शहाणपणा वाटू लागतो. ज्या भागातील शेतकरी सहा वर्षे जमीन पडीक ठेवून लढले, तेथे जमिनीचा वापर असा निमूटपणे बदलतो आहे.

योजना म्हणजे काय?

हवामान-अनुकूल शेतीसाठी राज्याने २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने 'पोकरा' प्रकल्प सुरू केला. त्याच्या पहिल्या टप्प्यातील पाच हजारांहून अधिक गावे मराठवाडा, विदर्भ आणि जळगाव येथील होती. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचा त्यात समावेश होता, कोकणच्या खारभूमीचा नव्हता. दुष्काळ ही शेतीची आपत्ती आहे, हे धोरणकर्त्यांना पटले आहे. उधाण हीसुद्धा आहे, हे अजून पटवायचे आहे.

खारेपाटाची योजना बांधनिहाय करावी लागेल. काही बांध गावठाणे आणि सलग चांगली शेती राखतात. ते नव्या पातळीनुसार उंच व्हावेत आणि त्यांच्या उघाड्या वाढवाव्यात. बांधाच्या खाडीकडील अंगाला तिवरांचा पट्टा राखला, तर तोच लाटांचा मारा कमी करतो. तेथे शेती आणि कांदळवन हे वैरी ठरत नाहीत. काही जमिनींत खाऱ्या पाण्याशी जुळवून घेता येईल. केरळात पोक्काळी शेतात पावसाळ्यात भात आणि नंतर कोळंबी घेतली जाते. गोव्याच्या खाजण जमिनींत 'मानस' म्हणजे तेथील उघाडी भात आणि मासळी दोन्ही सांभाळते. खारेपाटातही शेततळ्यात जिताडा पाळण्याची परंपरा आहेच. तिसऱ्या प्रकारच्या जमिनी मात्र राखणे यापुढे परवडणार नाही. त्या समुद्राला द्यायच्या असतील, तर ते आधी जाहीर करून, मोजणी करून आणि मोबदला देऊन व्हावे. नेदरलँड्समध्ये ओव्हरडीप येथे नदीच्या पुराला जागा देण्यासाठी बांध खाली आणला गेला, तेव्हा शेतकऱ्यांनी स्वतः आराखडा सुचविला. काहींनी भरपाई घेऊन अन्यत्र स्थलांतर केले. राहिलेल्यांची घरे-गोठे मातीच्या उंचवट्यांवर बांधली गेली.

असा निर्णय मंत्रालयात बसून होणार नाही. कोणता बांध आधी फुटतो, पाणी कोठून शिरते, कोणती उघाडी गाळाने बुजली आहे, हे त्या त्या गावाला माहीत असते. सप्टेंबर २००८ मध्ये प्रस्तावित विशेष आर्थिक क्षेत्राबाबत शेजारच्या पेण तालुक्यातील २२ गावांच्या शेतकऱ्यांचे मत शासनाने मतदानाने अजमावले होते. उद्योगासाठी जमीन द्यावी की नाही हे विचारता येते, तर समुद्रासाठी द्यावी की नाही हेही विचारता येईल. त्यासाठी प्रत्येक बांधाची उंची, अवस्था आणि त्याच्या आडचे क्षेत्र यांची नोंद ग्रामसभेपुढे आली पाहिजे. देखभालीचा वार्षिक निधी खांड पडण्यापूर्वी मिळाला पाहिजे आणि तो खर्च करण्यात जुन्या जोळांना पुन्हा अधिकार मिळाला पाहिजे. हे काम उधाणापूर्वी झाले तर त्याला नियोजन म्हणता येईल. नंतर उरतो तो फक्त पंचनामा.