आठवड्यांचा कायदा, वर्षांची लढाई

गर्भपाताच्या अर्जावर पुढची तारीख देणं हाही एक निकालच असतो, आणि बहुतेक वेळा तो नकाराचा असतो. ऑगस्ट २०२३मध्ये हे अख्ख्या देशानं पाहिलं. बलात्कारातून दिवस गेलेल्या एका स्त्रीचा अर्ज गुजरात उच्च न्यायालयात होता. गर्भ सव्वीस आठवड्यांचा झालेला, वैद्यकीय मंडळाचा अहवाल तिच्या बाजूनं आलेला, आणि सुनावणी ११ ऑगस्टवरून थेट २३ ऑगस्टवर गेली. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि उज्ज्वल भुइयाँ यांनी १९ तारखेला, शनिवारी, खास बसून ते प्रकरण ऐकलं. अमूल्य दिवस वाया गेल्याबद्दल नाराजी बोलून दाखवली आणि २१ तारखेला परवानगी दिली.

प्रजनन हक्कांसाठी कायद्याच्या वाटेनं लढणाऱ्या विभागीय कार्यालयाचं काम अशाच दिवसांभोवती फिरतं. महाराष्ट्रात असं एक कार्यालय सांभाळताना मला दोन हिशेब एकाच वेळी ठेवावे लागतात. दारात आलेल्या बाईचा हिशेब आठवड्यांचा, आणि कायदा बदलण्याचा हिशेब वर्षांचा. या दोहोंत ओढाताण झाली की बाईचा हिशेब आधी पाहायचा, हे मी या कामाचं पहिलं तत्त्व मानते. ते सोपं नाही, कारण देणगीदारांना, वर्तमानपत्रांना आणि कधी कधी आम्हा वकिलांनाही वर्षांचा हिशेब जास्त आकर्षक वाटतो.

मूळ अडचण कायद्याच्या बांधणीतच आहे. १८६०च्या दंडसंहितेनं गर्भपात गुन्हा ठरवला आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कलम ८८च्या रूपानं तो गुन्हाच राहिला. १९६४मध्ये शांतिलाल शाह समिती नेमली गेली. शाह तेव्हा महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. त्या समितीच्या अहवालातून १९७१चा वैद्यकीय गर्भपात कायदा आला. ठरावीक अटी पाळल्या तर डॉक्टरवर गुन्हा दाखल होणार नाही, असं त्याचं स्वरूप. म्हणजे संरक्षण डॉक्टरला, आणि बाईला त्या संरक्षणाच्या आडोशानं मिळेल ते. २०२१च्या दुरुस्तीनं मुदती वाढल्या. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीस आठवड्यांत दोघांचं लागतं, तेही ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठीच. त्यापुढं गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ. मात्र भीती तिथेच राहिली. घाबरलेला डॉक्टर हात वर करतो आणि सांगतो, कोर्टाची ऑर्डर आणा.

म्हणून आमच्याकडं येणाऱ्या बऱ्याच जणींना खरं तर कोर्टाची गरजच नसते. एखादी आशाताई संध्याकाळी उशिरा फोन करते : "ताई, पेशंट आणलीय. डॉक्टर नवऱ्याची सही मागतायत, आणि नवरा तर नांदवतच नाही." कायद्याला सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कुठंच लागत नाही. हे आम्ही आशाताईला सांगतो, मग डॉक्टरांना सांगतो, आणि ते ऐकत नाहीत तेव्हा कलमाचा उतारा लेटरहेडवर छापून पाठवतो. त्यानंतर आठवडे मोजण्याचं काम. पहिली सोनोग्राफी कधी झाली, हा प्रश्न आमच्याकडं येणाऱ्या प्रत्येक नव्या वकिलाला पाठ करावा लागतो. शेवटच्या पाळीची तारीख बाईला धड आठवत नाही, आणि उशिराच्या सोनोग्राफीतला अंदाज एक-दोन आठवड्यांनी सहज इकडंतिकडं होतो. सुरुवातीच्या महिन्यांतला रिपोर्ट त्यातल्या त्यात भरवशाचा. कुठल्या तरी पिशवीच्या तळाशी, रेशनकार्डाच्या घडीत ठेवलेला तो कागद सापडला आणि तेवीस आठवडे पाच दिवस असं गणित आलं, तर याचिका लिहायची नसते, त्याच रात्री दुसरा डॉक्टर शोधायचा असतो.

चोवीस आठवडे उलटले आणि गर्भात व्यंग किंवा बाईच्या जिवाला तातडीचा धोका नसेल, तर मात्र उच्च न्यायालयाशिवाय वाट नाही. बलात्कारित अल्पवयीन मुलींचं असंच होतं. मुलगी घरी सांगत नाही, पोट दिसू लागतं तेव्हा घरच्यांना कळतं, मग पोलीस, मग बालकल्याण समिती, आणि या सगळ्यात आठवडे निघून जातात. इथं उच्च न्यायालय कुठं बसतं याला महत्त्व येतं. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि पणजी अशी चार ठिकाणं होती, आणि सिंधुदुर्गातल्या मुलीच्या आईला प्रतिज्ञापत्रावर सही करायला रात्रभर प्रवास करून मुंबई गाठावी लागे. ऑगस्ट २०२५पासून कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झालं. वकिलांच्या कित्येक वर्षांच्या आंदोलनाचं हे फळ. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या अशा मुलींचे त्यामुळं एक-दोन दिवस वाचतील. पोट वाढत असताना एक-दोन दिवस थोडे नसतात. दिवाळीच्या सुट्टीत सुट्टीकालीन खंडपीठ कोणतं, कुठल्या दिवशी बसणार, हे आम्ही आधीच लिहून भिंतीला लावतो, कारण याच दिवसांत अशी प्रकरणं हमखास येतात.

आता वर्षांकडं वळते. २००८मध्ये मुंबईतलं एक दाम्पत्य आणि त्यांचे डॉक्टर निखिल दातार उच्च न्यायालयात गेले. गर्भाच्या हृदयात दोष होता आणि तेव्हाची वीस आठवड्यांची मुदत उलटली होती. न्यायालयानं नकार दिला. मुदत वाढायला २०२१ उजाडलं. दरम्यान कितीतरी स्त्रिया एकेकटीची याचिका घेऊन उभ्या राहिल्या, काहींना परवानगी मिळाली, काहींना नाही. बाळंतपण किंवा गर्भपात होऊन गेला की खटला निरर्थक ठरतो आणि कायद्याचा प्रश्न तसाच पडून राहतो. या कोंडीतून वाट कशी काढावी, याचं मला सर्वांत मोलाचं वाटणारं उदाहरण २०२२चं. दिल्ली उच्च न्यायालयानं अविवाहित म्हणून नाकारलेल्या एका तरुणीला सर्वोच्च न्यायालयानं २१ जुलैला अंतरिम आदेशानं वाट मोकळी करून दिली. प्रश्न मात्र जिवंत ठेवला. २९ सप्टेंबरला न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड, ए. एस. बोपण्णा आणि जे. बी. पारडीवाला यांनी वीस ते चोवीस आठवड्यांच्या सवलतीतून अविवाहित स्त्रीला वगळता येणार नाही, असा निकाल दिला. आधी बाई, मग तत्त्व. हाच क्रम मी माझ्या तरुण सहकाऱ्यांना पुन्हा पुन्हा सांगते. त्याच निकालानं आणखी एक मोठं काम केलं. अल्पवयीन मुलगी आली तर पॉक्सोखाली पोलिसांना कळवणं डॉक्टरला बंधनकारक आहे, पण मुलीनं आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर तिचं नाव-गाव उघड करण्याची गरज नाही, असं न्यायालयानं म्हटलं.

तरी प्रत्येक वेळी पारडं असंच पडतं असं नाही. जानेवारी २०२३मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं, न्यायमूर्ती गौतम पटेल यांच्या खंडपीठानं, मंडळाचं मत विरोधात असताना तेहतीस आठवड्यांच्या गर्भासाठी परवानगी दिली आणि निर्णय त्या स्त्रीचाच आहे असं ठणकावलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिल्लीत मात्र सव्वीस आठवड्यांची गर्भवती, दोन लेकरांची आई, मानसिक आजारावर उपचार घेणारी, तिला सर्वोच्च न्यायालयानं आधी हो म्हटलं, मग दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला आणि शेवटी तीन न्यायमूर्तींच्या पीठानं नाही म्हटलं. हक्क कुठल्या खंडपीठापुढं प्रकरण लागतं यावर ठरावा, हे मला मान्य होत नाही.

गर्भपातापलीकडंही या कामाची मोठी बाजू आहे, आणि ती जास्त कष्टाची. ७ जानेवारी २०१२ला बिहारच्या अररिया जिल्ह्यात एका शाळेत दोन तासांत ५३ स्त्रियांच्या नसबंदीच्या शस्त्रक्रिया उरकल्या गेल्या, रात्री, टॉर्चच्या उजेडात, शाळेच्या बाकांवर. कार्यकर्त्या देविका बिस्वास त्यावरून सर्वोच्च न्यायालयात गेल्या. निकाल १४ सप्टेंबर २०१६चा, न्यायमूर्ती मदन लोकूर आणि उदय लळीत यांचा : तीन वर्षांत शिबिरांची पद्धत बंद करा. मधल्या काळात, नोव्हेंबर २०१४मध्ये, छत्तीसगडच्या बिलासपूरमध्ये शिबिरांनंतर १३ स्त्रिया दगावल्या. अशा खटल्यात वकिलाच्या युक्तिवादाआधी गावोगाव हिंडून जबाब लिहून घेणारी माणसं लागतात, आणि पुढची कित्येक वर्षं त्या बायकांशी नातं टिकवावं लागतं.

आपल्याकडं बीडचं तेच. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल घेतलेली, आणि एक दिवस कामावर नाही आलं तर खाड्याचा दंड. पाळीचा त्रास, पांढरं जाणं, पोटदुखी, सगळ्यावर एकच उपाय सांगितला जातो : पिशवी काढून टाका. २०१९मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढं आलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. एप्रिल २०२३मध्ये नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत असं सांगितलं. पस्तिशीतल्या बाईनं संमतीपत्रावर अंगठा दिला होता म्हणजे ती राजी होती, हा युक्तिवाद मी ऐकला आहे. मला तो संतापजनक वाटतो. उचल फेडायची असताना दिलेल्या संमतीला संमती म्हणायचं तर गळफासालाही अलंकार म्हणावं लागेल.

शेजारचं नेपाळ या बाबतीत आपल्या पुढं गेलं, हे इथं नोंदवायला हवं. पश्चिमेकडच्या डोंगरी जिल्ह्यातली पाच मुलांची आई सहाव्यांदा दिवस गेल्यावर गर्भपातासाठी सरकारी रुग्णालयात गेली आणि हजार-अकराशे रुपये नव्हते म्हणून परत आली. काठमांडूतल्या वकिलांनी तिचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेलं. मे २००९च्या निकालानं सांगितलं की परवडत नसेल तर हक्क असून नसल्यासारखा, सरकारनं निधी उभारावा आणि वेगळा कायदा करावा. तो कायदा २०१८मध्ये आला. नऊ वर्षं. तिचं मूल तोवर शाळेत जाऊ लागलं असेल.

महाराष्ट्रातली वाटही जुनी आहे. 'समाजस्वास्थ्य' मासिकावरच्या १९३४च्या अश्लीलतेच्या खटल्यात संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्व्यांच्या बाजूनं डॉ. आंबेडकर उभे राहिले आणि हरले. १९३८मध्ये त्यांच्या पक्षानं मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला, तोही फेटाळला गेला. १९८८चा गर्भलिंगनिदानावरचा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राचा. पुढं २०००मध्ये 'सेहत', 'मासूम' या संस्था आणि साबू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात धरलेला आग्रह, आणि त्यातून केंद्राच्या गर्भलिंगनिदान कायद्यात झालेली २००३ची दुरुस्ती. मात्र त्याच कायद्याच्या धाकानं आज काही ठिकाणी साध्या गर्भपातालाही नकार मिळतो. लिंगनिवडीला विरोध आणि गर्भपाताचा हक्क या दोन्ही गोष्टी एकाच दमात बोलण्याची सवय आमच्या कार्यकर्त्यांना लावावी लागते.

पैशाबद्दल थोडक्यात. २०२०च्या परकीय देणगी कायद्यातील दुरुस्तीनं प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली आणि मोठ्या संस्थेनं लहान संस्थेला निधी वाटणं बंद केलं. तालुक्यातल्या लहान गटांना याचा फटका बसला, आणि रात्री फोन उचलणारी माणसं त्याच गटांत होती. गर्भपाताशी निगडित परदेशी मदतीबाबतचं अमेरिकेचं धोरण तिथला सत्ताधारी पक्ष बदलला की फिरतं, जानेवारी २०२५मध्ये ते पुन्हा फिरलं. म्हणून वकिलांच्या वर्गणीवर आणि इथल्या वाचकांच्या छोट्या देणग्यांवर चालणारं कार्यालयच टिकेल, असं माझं मत आहे.

सध्या आमचा सगळा जोर जिल्हा रुग्णालयांवर आहे. पॉक्सो प्रकरणात मुलीचं नाव न कळवण्याची २०२२च्या निकालातली मुभा तिथल्या प्रसूती विभागाला माहीत आहे का, त्याचं लेखी परिपत्रक तिथं पोचलं आहे का, हे माहिती अधिकारात एकेका जिल्ह्याला विचारणं सुरू आहे. उत्तर आलं नाही तर पहिलं अपील, मग दुसरं. आणि ज्या रुग्णालयात परिपत्रक नाही, तिथं निकालाची मराठी प्रत घेऊन आमची वकील स्वतः जाते आणि मेट्रनबाईंच्या सहीनिशी पोच घेऊन येते.